गांधी हॉल आणि आपले सभामंडप: उघड्या कमानींचे काम काय?

नर्मदातीर

इंदूरकर गांधी हॉलविषयी बोलू लागले की बोलणे घड्याळावर किंवा तिथे भरणाऱ्या पुस्तकांच्या आणि चित्रांच्या प्रदर्शनांवर येते. ज्या दालनासाठी ही इमारत उभी राहिली, त्या दालनाच्या रचनेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या धाग्यावर तेवढ्याच विषयाची चर्चा व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इमारत १९०४ सालची. शिवाजीराव होळकर यांनी १९०३ च्या आरंभी गादी सोडली होती, तुकोजीराव तिसरे अल्पवयीन होते आणि त्यांना पूर्ण अधिकार मिळायला १९११ साल उजाडले. म्हणजे हे बांधकाम रीजन्सी कौन्सिलच्या, राजा अल्पवयीन असताना राज्य चालवणाऱ्या मंडळाच्या, कारभारातले आहे. साहजिकच नाव किंग एडवर्ड हॉल पडले. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, १९०५ च्या नोव्हेंबरात इंदूरला आले तेव्हा त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १९४८ मध्ये तिला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. आराखडा मुंबईच्या स्टीव्हन्स यांचा. व्हिक्टोरिया टर्मिनसमुळे हे आडनाव वास्तुरचनेत रस असणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहे. सिवनीचा दगड, टोकदार कमानी, घुमट, मिनार आणि समोर चारही दिशांना तबकड्या असलेला घड्याळाचा मनोरा, ज्यामुळे जुन्या पिढीच्या तोंडी ‘घंटाघर’ हेच नाव होते.

माझे म्हणणे असे आहे की अशा इमारतीचे मर्म तिच्या भिंतींपेक्षा तिच्या उघड्या भागांत, म्हणजे कमानी, दारे, झरोके आणि छताजवळच्या खिडक्या यांत असते. वीज, पंखा आणि ध्वनिवर्धक नसताना शेकडो माणसे एका छताखाली बसवायची असतील, तर उजेड, हवा आणि आवाज या तिन्ही गोष्टी इमारतीलाच सांभाळाव्या लागतात. आपल्या गावोगावच्या देवळांचे लाकडी सभामंडप हेच करत आले आहेत. महेश्वरच्या अहिल्यावाड्यातही अहिल्याबाईंची गादी ज्या जागी आहे ती जागा लाकडी खांबांची, चौकाकडे तोंड असलेली साधी ओसरीच आहे. फिर्याद घेऊन आलेला माणूस चौकातून थेट त्या ओसरीसमोर येऊन उभा राहत असेल, हे ती मांडणी पाहताच लक्षात येते. बंद दालनाला हा मोकळेपणा साधणे कठीण. गांधी हॉलची शैली विलायती असली, तरी त्याच्या कमानी हेच काम करण्यासाठी आहेत, असे मला वाटते.

हा विषय काढण्याचे कारण व्यावहारिक आहे. जुन्या सभागृहांच्या दुरुस्तीची चर्चा निघाली की पहिली सूचना ‘कमानींना काच लावा आणि वातानुकूलन करा’ अशीच येते. ती सूचना स्वीकारण्यापूर्वी कमानी काय करतात हे समजून घेतले पाहिजे. जाणकारांनी लिहावे.

चुनखडी

मी बांधकाम खात्यात नोकरी केली आहे आणि जुन्या दगडी इमारतींची डागडुजी हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. रचनेआधी पायाविषयी लिहितो, कारण माळव्यात सगळे तिथून सुरू होते.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर जड दगडी इमारत उभारायची तर पाया काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो, आणि जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. तरीसुद्धा वर्षानुवर्षे इमारत किंचित हलत राहते. ती हालचाल चुन्याचे बांधकाम सहन करते. चुना हळूहळू हवेतला कर्बवायू शोषून घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही सिमेंटइतका ताठर होत नाही. बारीक चीर पडलीच, तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना पुन्हा त्या चिरेत बसतो आणि कित्येकदा ती आपोआप बुजते. विटांची भुकटी म्हणजे सुरखी घातली की तोच चुना ओलसर जागीही टिकतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, तागाचे तुकडे हे जिन्नस प्रांतोप्रांती वेगवेगळ्या प्रमाणात घालत असत आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक गवंडी आपल्या घराण्यात राखून ठेवत असे.

आता कमानींशी याचा संबंध सांगतो. कमान फक्त दाब पेलते. तिच्यात ताण येता कामा नये. पाया एका बाजूला किंचित खचला की कमानीच्या माथ्याशी, म्हणजे किल्लीच्या दगडापाशी, सांधा उघडतो. चुन्यात बांधलेली कमान तो सांधा थोडा उघडून नव्या स्थितीत स्थिर होते. तिथे सिमेंट भरले तर पुढच्या हालचालीत सांध्याऐवजी दगडच फुटतो. शिवाय सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडून ठेवतो. ती ओल दगडातून बाहेर पडायला वाट शोधते, बरोबर क्षार आणते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या इमारतीच्या तळाशी, जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीपर्यंत दगड सोललेला दिसला, तर तिथे आधी कोणीतरी सिमेंट फासले होते का, याची चौकशी अवश्य करावी.

म्हणून काच लावण्याच्या चर्चेत माझी पहिली हरकत वेगळीच आहे. काचेची चौकट कमानीत घट्ट बसवण्यासाठी दगडात भोके पाडून लोखंडी खिळे आणि सिमेंट घालतात. लोखंड गंजले की फुगते आणि कमानीचा दगड आतून तडकतो. हवा आणि उजेड यांचा विचार त्यानंतरचा.

गोरखी

ग्वाल्हेरहून लिहीत आहे. मूळ लेखातील एका गोष्टीबद्दल मतभेद नोंदवतो. सभामंडप, दरबार आणि नगरभवन या तीन निराळ्या जाती आहेत आणि त्यांना एका वंशात बसवणे मला योग्य वाटत नाही.

दरबारात सगळी मांडणी एका आसनाकडे वळलेली असते. कोण किती जवळ बसणार यावरून मान ठरतो. आमच्या जयविलास महालातला दरबार हॉल घ्या. १८७४ मध्ये मायकेल फिलोज यांच्या देखरेखीखाली हा महाल पूर्ण झाला. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत आणि त्यांचा भार छत पेलेल की नाही हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, असे सांगतात. तिथे सगळा खर्च आणि सगळे कसब पाहणाऱ्याने दिपून जावे यासाठी आहे. तिथला उजेड लोकांना वाचता यावे म्हणून दिलेला नाही, तो झुंबरावर खेळावा म्हणून आहे.

नगरभवन ही कल्पना यापेक्षा वेगळी. त्यात तिकीट काढून, निमंत्रणावरून किंवा नुसतेच रस्त्यावरून येऊन बसणारा नागरिक गृहीत धरलेला असतो. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर आली आणि तिची शैलीही त्यांच्याबरोबर आली. तिला सभामंडपाचा वारसा चिकटवण्याची गरज काय?

नर्मदातीर

गोरखी, तुम्ही केलेला दरबार आणि नगरभवन यांतला भेद मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो मांडल्याबद्दल आभारी आहे. परंतु त्याच भेदामुळे सभामंडप नगरभवनाच्या अधिक जवळ येतो. सभामंडपात देवासमोरची थोडी जागा सोडली तर कोण कुठे बसणार हे ठरलेले नसते. कीर्तन, पारायण, गावची पंचाईत, लग्नाची पंगत आणि पावसात अडकलेल्या वाटसरूचा मुक्काम हे सगळे त्याच छताखाली होते. मंडप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, मोजतात, तीन खणी, पाच खणी असा. गाव वाढले तर पुढे आणखी खण जोडता येतो. म्हणजे रचनेतच गर्दी गृहीत धरलेली आहे.

जातीपातीच्या रूढींमुळे त्या छताखाली प्रत्यक्षात सगळ्यांना जागा मिळत नव्हती, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि नगरभवनाने ती बाब कागदोपत्री तरी मोडून काढली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मी वारसा म्हणतो तो सामाजिक अर्थाने नाही. या हवामानात गर्दी एका छताखाली बसवायची तर काय करावे लागते, याचे जे उत्तर इथल्या सुतार-गवंड्यांनी शोधले होते, तेच उत्तर मुंबईहून आलेल्या आराखड्यालाही स्वीकारावे लागले, एवढेच म्हणणे आहे. इंग्लंडमधले नगरभवन थंडी बाहेर ठेवण्यासाठी बंदिस्त असते. इथे तसे बांधले असते तर एप्रिलपासून कोणी आत पाऊल ठेवले नसते.

शैलीविषयी आणखी एक. गांधी हॉलची शैली इंडो-गॉथिक, आणि इंडो-गॉथिक म्हणजे युरोपीय देहावर भारतीय घुमट ठेवलेला, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. घुमट आणि मिनार ही वरची सजावट झाली. पण जाड भिंतीच्या बाहेर कमानींची ओळ उभी करून मधे सावलीचा पट्टा सोडणे हा इथल्या उन्हाने घडवलेला निर्णय आहे.

टाळमृदंग

आमच्या घरी तीन पिढ्या नारदीय कीर्तन आहे, त्यामुळे सभामंडपाविषयी थोडे अधिकाराने लिहिते.

लाकडी सभामंडपाची बांधणी अशी असते. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जेणेकरून जमिनीची ओल सागवानाला लागू नये. खांब बहुधा सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खाली फुगीर आणि वर निमुळते. वर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तख्तपोशी, आणि दोन खांबांमध्ये लाकडाची कोरीव महिरप. ही महिरप काही पेलत नाही. भार तुळई घेते आणि महिरप निव्वळ शोभेची असते. दगडी कमानीचे रूप लाकडात आणण्याची ती हौस आहे. मधला भाग दोन्ही बाजूंपेक्षा उंच घेतलेला असतो आणि त्या उंचीच्या फरकात झरोके ठेवतात. सांधे खाच-खुंटीचे असतात, म्हणून भूकंपात किंवा पाया हलला तरी मंडप करकरतो पण सहसा कोसळत नाही.

आता आवाज. तीन बाजूंनी उघड्या मंडपात बुवांचा शब्द स्वच्छ ऐकू येतो, कारण एकदा उच्चारलेला शब्द बाहेर निघून जातो आणि पुढच्या शब्दाच्या आड येत नाही. लाकडी तख्तपोशी त्या शब्दाला थोडी ऊब देते. पूर्वरंगात निरूपण चालते तेव्हा एकेक अक्षर महत्त्वाचे असते. तेच कीर्तन दगडी भिंतींच्या, सगळीकडून बंद आणि उंच छताच्या दालनात करून पाहावे. टाळ वाजले की त्यांचा नाद संपतच नाही आणि निरूपण नुसता गलबला होऊन बसते. बुवा मग आपोआप सावकाश बोलू लागतात, वाक्ये तोडतात आणि कीर्तनाचा ओघ जातो. ध्वनिवर्धक लावल्याने हे सुधारत नाही, उलट वाढते.

इंदूरच्या राजवाड्यातल्या गणेश हॉलमध्ये गाण्याची मैफल ऐकलेल्यांनी तिथला अनुभव लिहावा, अशी विनंती करते. ते दालन एके काळी दरबारी आणि धार्मिक समारंभांचे होते. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा आगींत त्याचे अतोनात नुकसान झाले. लाकडाची ही दुसरी बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही.

ध्वनिलहरी

माझा व्यवसाय सभागृहांच्या ध्वनिरचनेचा आहे. टाळमृदंग यांनी कानांनी जे टिपले आहे, त्याला आकडेमोडीचा भक्कम आधार आहे. तो जरा सविस्तर मांडतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे १८९५ मध्ये एक अडचण आली. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नव्हते. सॅबिन यांनी रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजले, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या थोड्या थोड्या आणून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजले. त्यातून नियम निघाला: नाद विरण्याचा काळ दालनाच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटरमध्ये मोजले तर घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागायचे. या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे आहे. शोषण मोजण्यासाठी त्यांनी एकक म्हणून उघडी खिडकी घेतली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक एकक.

एक काल्पनिक दगडी सभागृह घेऊ. हे गांधी हॉलचे माप नव्हे, केवळ उदाहरण आहे. लांबी ३० मीटर, रुंदी १५, उंची १०. घनफळ ४,५०० घनमीटर. भिंती, फरशी आणि छत मिळून पृष्ठभाग १,८०० चौरस मीटर. कठीण गिलावा आणि दगड आवाजाचा साधारण तीन टक्के भाग शोषतात, असे धरले तर शोषण ५४ एकके. म्हणजे रिकाम्या आणि बंद दालनात नाद विरायला तेरा सेकंदांहून अधिक काळ लागेल. आता त्याच दालनाच्या ६० चौरस मीटर कमानी आणि खिडक्या उघडा. शोषण ११२ एककांच्या आसपास जाते आणि काळ साडेसहा सेकंदांवर येतो. आत ६०० माणसे बसवा. एक माणूस, कपड्यांसह, अर्ध्या एककाच्या थोडे कमी शोषतो, ०.४५ धरले तर २७० एककांची भर पडते आणि काळ दोन सेकंदांच्या आत येतो. भाषणासाठी एक सेकंदाच्या आसपासचा काळ उत्तम, गाण्यासाठी दीड ते दोन सेकंद चालतात. म्हणजे भरलेल्या आणि उघड्या कमानींच्या त्या सभागृहात गाणे छान होईल आणि सावकाश बोलणारा वक्ताही समजेल.

आता कमानींना काच लावा. काच आवाज शोषत नाही, परत फेकते. सभागृह गच्च भरलेले असेल तर फरक मर्यादित राहील. काळ दोन सेकंदांच्या थोडा वर जाईल. पण सगळ्याच सभांना ६०० माणसे येत नाहीत. दीडशे माणसांच्या कार्यक्रमात, आणि आपले बहुतेक साहित्यिक कार्यक्रम तेवढ्याच उपस्थितीचे असतात, उघड्या कमानींसह सुमारे चार सेकंद आणि काच लावल्यावर सहा सेकंदांच्या जवळ. चार सेकंदही वाईटच, परंतु सहा सेकंदांत वाक्य ऐकू येणे संपते. मग ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवतात, मग शोषक फलक हवेत असे ठरते, मग कोरीव भिंतींवर ते फलक ठोकले जातात. एका काचेपासून सुरू झालेली ही मालिका मी अनेक इमारतींत पाहिली आहे.

गांधी हॉल बांधला तेव्हा सॅबिन यांचे काम प्रसिद्ध होऊन मोजकीच वर्षे झाली होती, त्यामुळे आराखड्यात ही गणिते असण्याचा संभव कमी आहे. पण सवयीने आलेली रचना गणिताला उतरते, हे मला फार मोलाचे वाटते.

सराफा कट्टा

सगळे पटते, परंतु ज्याला कार्यक्रम भरवायचे असतात त्याची बाजूही इथे यायला हवी. गांधी हॉल महात्मा गांधी मार्गाला लागून आहे. १९०४ मध्ये तिथे टांगे आणि बैलगाड्या असतील. आज दिवसभर गाड्यांचा भोंगा आणि धूळ आहे. उघड्या कमानीतून आतला आवाज बाहेर जातो हे खरे, पण बाहेरचा आवाजही त्याच वाटेने आत येतो. मे महिन्यात चाळीस अंशांवर पारा असताना वृद्ध श्रोते उघड्या दालनात दोन तास बसणार नाहीत. श्रोते आले नाहीत तर भाडे येणार नाही, भाडे आले नाही तर दुरुस्ती होणार नाही, आणि वापरात नसलेली इमारत सर्वांत लवकर पडते. कमानींचे गणित बरोबर असेल, तरी रिकाम्या सभागृहाला त्याचा काय उपयोग?

सूरसागर

सराफा कट्टा यांचा मुद्दा अगदी खरा आहे आणि वडोदऱ्याचे उदाहरण त्यालाच पूरक आहे. सूरसागर तलावाजवळचे आमचे न्यायमंदिर १८९६ चे, रॉबर्ट चिझम यांच्या आराखड्यानुसार बांधलेले. चार्ल्स मँट यांच्या निधनानंतर लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पूर्णत्वाला नेणारे वास्तुरचनाकारही तेच. न्यायमंदिराची इमारत मुळात भाजीबाजारासाठी योजली होती, असे इथे सर्वत्र सांगितले जाते, आणि मधले उंच, भव्य दालन पाहिले की ते पटते. माल, माणसे आणि हवा यांची ये-जा व्हावी असाच तो विस्तार आहे. पुढे तिथे न्यायालय आले आणि त्या मधल्या दालनात महाराणी चिमणाबाईंचा पुतळा विराजमान झाला. २०१८ मध्ये न्यायालय नव्या संकुलात गेले.

एका दालनाने इतकी वेगवेगळी कामे केली याचे कारण मधला भाग मोकळा राहिला आणि बदल त्याच्या भोवतीच्या खोल्यांत झाले. न्यायाधीशांना शांतता हवी होती, ती बाजूच्या खोल्यांत मिळाली. मोठे दालन येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचेच राहिले. इंदूरलाही ज्या कार्यक्रमांना शांत, थंड आणि बंद जागा हवी, त्यांची सोय बाजूच्या लहान खोल्यांत करता येईल का, याचा विचार व्हावा. मोठ्या दालनाकडून सगळ्याच अपेक्षा करू नयेत.

ध्वनिलहरी

सराफा कट्टा यांच्या हरकतीला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण रस्त्याचा आवाज ही खरी अडचण आहे आणि ती सॅबिन यांच्या सूत्रात कुठेच येत नाही.

सगळ्या कमानी सारख्या नाहीत, हे ध्यानात घेतले तर मार्ग निघतो. रस्त्याकडच्या बाजूला जाड लाकडी दारे बंद ठेवावीत. जुन्या इमारतींत बहुधा अशी दारे असतातच आणि ती पुढे काढून टाकलेली असतात. मागच्या आणि आवाराकडच्या कमानी उघड्या राहाव्यात. जाड लाकडी दार काचेच्या पातळ तावदानापेक्षा रस्त्याचा आवाज चांगला अडवते आणि गरज संपली की उघडता येते. कमी श्रोत्यांच्या कार्यक्रमांसाठी दालनाच्या मागच्या भागात जाड सुती पडदे खांबांना दोरीने बांधून टांगावेत. घड्या पाडून टांगलेला जाड पडदा त्याच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याच्या आसपास शोषण देतो. शंभर चौरस मीटर पडदे म्हणजे शंभराहून अधिक रिकाम्या जागा भरल्यासारखे. कार्यक्रम झाला की ते गुंडाळून ठेवता येतात आणि दगडाला एकही भोक पडत नाही.

चुनखडी

उष्णतेविषयी थोडी भर घालतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही निवतात. दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत कित्येक तास जातात. म्हणून जुना परिपाठ असा होता की रात्री आणि पहाटे वरच्या-खालच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, भिंती गार होऊ द्यायच्या, आणि सकाळी ऊन तापू लागले की खालची दारे लावून घ्यायची. वरच्या खिडक्या मात्र कधीच बंद करायच्या नाहीत, कारण छताखाली साठलेली गरम हवा तिथूनच बाहेर जाते. आज नेमके उलटे घडते. रखवालदार संध्याकाळी सगळे कुलूपबंद करून जातो, इमारत रात्रभर कोंडते आणि सकाळी दहाला कार्यक्रमासाठी दारे उघडली की बाहेरची गरम हवा आत घेतली जाते. मग इमारत तापते असा बोभाटा होतो. रात्री खिडक्या उघडण्यासाठी एक माणूस ठेवण्याचा खर्च वातानुकूलनाच्या वीजबिलाच्या तुलनेत नगण्य आहे.

याने मे महिन्याची दुपार सुखाची होणार नाही, हे मान्य करतो. पण संध्याकाळी सहानंतरचा कार्यक्रम नक्की होईल, आणि इंदूरमध्ये गाण्याचे आणि व्याख्यानांचे बहुतेक कार्यक्रम संध्याकाळीच असतात.

गोरखी

चर्चा वाचून एक गोष्ट मला मान्य करावीशी वाटते, की दालनाच्या कामाचा विचार केला तर सभामंडप आणि नगरभवन यांच्यातील अंतर मला वाटत होते त्यापेक्षा कमी आहे. शैलीबाबतचे माझे मत मात्र कायम आहे. मनोरा, त्यावरची घड्याळे आणि इमारतीचे रस्त्याकडे तोंड करून उभे राहणे हे सभामंडपात कुठे सापडते? देवळाची घंटा वेळ सांगते ती पूजेची. चारही दिशांना वेळ दाखवणारे घड्याळ कचेरीची आणि रेल्वेची वेळ सांगते. या इमारतीने शहराला नवी शिस्त दिली, हेही तिच्या रचनेचेच अंग आहे.

नर्मदातीर

हा मुद्दा मी मनापासून स्वीकारतो. दालन इथल्या हवेचे आणि मनोरा नव्या काळाचा, असे दोन्ही एका इमारतीत आहेत, म्हणून तर ती अभ्यासण्याजोगी आहे. ग्वाल्हेर, वडोदरा आणि इंदूर या तिन्ही संस्थानांत त्या काही दशकांत जे बांधले गेले त्यात हा जोड वारंवार दिसतो.

एक व्यावहारिक प्रस्ताव ठेवतो. कोणतीही सूचना प्रशासनाकडे नेण्याआधी दालनाची रीतसर मोजमापे, परवानगी घेऊन, व्हायला हवीत: उघड्या भागांचे एकूण क्षेत्रफळ, कोणत्या कमानी कोणत्या दिशेला, वरच्या खिडक्यांपैकी किती प्रत्यक्षात उघडतात, आणि रिकाम्या व भरलेल्या दालनात नाद विरण्याचा काळ. ध्वनिलहरी यांनी शेवटच्या मोजणीत मदत करावी, ही विनंती.

ध्वनिलहरी

आनंदाने करीन. त्यासाठी मोठे साहित्य लागत नाही. फुगा फोडून त्याचे ध्वनिमुद्रण चार-पाच जागी केले तरी पुरेसा अंदाज येतो. फक्त मोजणी दोनदा करावी, एकदा सगळी दारे लावून आणि एकदा सगळी उघडून. उघड्या कमानी किती काम करतात हे त्या दोन आकड्यांतील फरकावरून थेट दिसेल.

टाळमृदंग

वरच्या खिडक्या कायम उघड्या ठेवायच्या तर पारव्यांचे काय करणार, हे कोणी लिहिले नाही. आमच्या ओळखीच्या एका देवळात सभामंडपाचे झरोके केवळ पारव्यांमुळे पत्र्याने बंद केले आणि दोन पावसाळ्यांत तख्तपोशीला बुरशी धरली.

चुनखडी

पत्रा लावणे हाच त्यातला दोष आहे. झरोक्याला बारीक सुताची नायलॉनची जाळी लावावी, आणि ती लाकडी चौकटीत ताणून, चौकट दगडात न ठोकता झरोक्याच्या आतल्या बाजूने पाचर मारून बसवावी. लोखंडी जाळी नको. ती गंजते आणि दगडावर तांबडे ओघळ सोडते, जे निघत नाहीत. चौकट वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, काढून धुता आली पाहिजे. त्याच वेळी छतावरच्या पन्हळी साफ कराव्यात आणि कुठे पिंपळाचे रोप रुजले असेल तर ते कोवळे असतानाच मुळासकट काढावे. मूळ सांध्यात शिरल्यावर नुसते वरून छाटले, तर ते आत वाढतच राहते.